तिथल्या तळ्यांचा ठेका कोणाकडे असतो?

नॉर्दर्न लाइट्स बघायला कॅनडातल्या यलोनाइफला, मी राहते त्या गावाला, यायचं ठरवलेली मराठी मंडळी मला आधी मेसेज करतात. प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती, जॅकेट कुठलं, शाकाहारी जेवण मिळेल का. त्यांच्यात एखादा असा निघतो, बहुतेक कोकणातला नाहीतर आमच्या भंडारा-गोंदियाकडचा, जो सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हणतो, "ताई, तिकडे मासे कुठे लागतात?"

मासे सगळीकडे लागतात. कॅनडाचा हा उत्तरेकडचा मुलूख, नॉर्थवेस्ट टेरिटरीज, महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे आणि माणसं पन्नास हजारसुद्धा नाहीत; त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या यलोनाइफमध्ये. विमान उतरायला लागलं की खाली खडक, खुरटी स्प्रूसची झाडं आणि पाणी, एवढंच दिसतं. पाणी जरा जास्तच. तेव्हा विचारायचं ते हे, की पाण्यापर्यंत पोचायचं कसं. सकाळी आपल्या गाडीनं निघून संध्याकाळी घरी येऊन मासा शिजवता येईल अशी तळी दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांना विमान लागतं, किंवा होडी खांद्यावर घेऊन जंगलातून चालावं लागतं, किंवा हिवाळ्याची वाट बघावी लागते. हिवाळा हा इथला सगळ्यात चांगला रस्ता आहे, पण त्याकडे नंतर येते.

मी मूळची साकोलीजवळची, जातीनं ढीवर. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या काळातले हजारो तलाव आहेत, भाताच्या पाण्यासाठी पाळ घालून अडवलेले. पाणी दिसतं सगळ्यांना, पण त्यात जाळं टाकायचा हक्क ठेक्यानं जातो. लहानपणी घरात सगळ्यात जास्त भांडणं ऐकली ती यावरून, की यंदा तलाव कोणी घेतला. आजी बाजारात टोपलं घेऊन बसायची. ती मासा बघून तलाव ओळखायची आणि लगेच ठेकेदाराचं नावही सांगायची, बहुतेकदा एखाद्या शिवीसकट. म्हणून मी इथून पहिल्यांदा तळ्याचा फोटो पाठवला तेव्हा आईनं ना थंडीचं विचारलं ना तब्येतीचं. म्हणाली, "पानी मोठं दिसते बाई. पन तिथल्या तळ्याचा ठेका कोनाकडं असते?"

तिला फोनवर जे सांगितलं ते फार अर्धवट होतं. आता नीट सांगते.

ठेकेदार असा नाही. परवाना काढला की कोणीही गळ टाकू शकतं. परवाना ऑनलाइन मिळतो आणि त्याच्याबरोबर नियमांची पुस्तिका. कुठल्या तळ्यात कुठला मासा दिवसाला किती ठेवायचा ते तीत दिलेलं असतं, आणि ते आकडे बदलत असतात, म्हणून मी इथे लिहीत नाही. ज्या वर्षी याल त्या वर्षीची पुस्तिका वाचा. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. गळाला उलटा काटा चालत नाही. दुकानातून आणलेल्या गळाचा काटा पकडीनं चेपून सपाट करायचा, म्हणजे सोडायचा मासा फार न फाटता सुटतो. आणि जिवंत मासोळी आमिष म्हणून लावायची नाही. आमच्याकडचे काका हे ऐकून इतके हसले, की मग तुम्ही मासे पकडता कशानं, देवाचं नाव घेऊन का? पत्र्याच्या चमच्यानं, काका. लाल-पांढरा चमचा पाण्यात लकाकत ओढला की इथला जॅकफिश त्यावर धावतो. इंग्रजी पुस्तकात त्याचं नाव नॉर्दर्न पाइक असलं तरी इथे सगळे जॅकफिशच म्हणतात.

पण ठेकेदार नाही म्हणजे पाणी कोणाचंच नाही, असंही नाही. यलोनाइफच्या भोवतालचा सगळा प्रदेश यलोनाइव्ह्ज डेने या इथल्या मूळनिवासी लोकांचा. त्यांच्या वतीनं १९०० साली चीफ ड्रायगीस यांनी फोर्ट रेझोल्यूशनला ट्रीटी ८ या सरकारबरोबरच्या करारावर सही केली. आजही सरकारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला हा मुलूख चीफ ड्रायगीस टेरिटरी म्हणून सांगितला जातो. डेने माणसाला घरच्यासाठी मासे धरायला माझ्यासारखा परवाना लागत नाही, आणि त्याचं मासे धरणं म्हणजे जाळं, गळ नव्हे. यलोनाइफ बे, म्हणजे गावापुढच्या खाडीत, तरंगती खूण किंवा हिवाळ्यात बर्फात रोवलेल्या काठ्या दिसल्या तर खाली कोणाचं तरी जाळं आहे असं समजायचं आणि लांबून जायचं. हे पुस्तिकेत वाचून कळण्याआधीच मला कळलं होतं. दुसऱ्याच्या जाळ्याजवळून होडी नेली तर काय होतं, ते मी आमच्या तलावावर पाहिलेलं आहे.

आता वाटा. दक्षिणेकडून यलोनाइफला येणारा रस्ता एकच, हायवे ३, त्यावर वाटेत बायसन आडवे उभे असतात. २०१२ मध्ये मॅकेंझी नदीवर देह चो पूल झाला. त्याआधी उन्हाळ्यात फेरी आणि हिवाळ्यात बर्फावरून गाड्या. मधले काही आठवडे नदी धड गोठलेली नाही, धड मोकळी नाही, तेव्हा गाव रस्त्यानं तुटायचं. जुनी माणसं त्या दिवसांतले टोमॅटोचे भाव अजून सांगतात.

आणि गावातून पुढे, पूर्वेकडे जाणारा रस्ताही एकच. तो इन्ग्रॅम ट्रेल, सुमारे ७० किलोमीटर. कुठल्याही गावाला जात नाही. १९६० च्या दशकात सरकारला वाटलं होतं की हा रस्ता पुढे खनिजांपर्यंत नेऊ. तो तळ्या-तळ्यांवरून गेला आणि एका तळ्याकाठी थांबला. आमचं भलं झालं. यलोनाइफच्या माणसाचं सगळं मासे धरणं या एका दोरीवर ओवलेलं आहे, आणि म्हणूनच रस्त्याकडेच्या तळ्यांतले मासे गेल्या काही दशकांत लहान झालेत असं इथला प्रत्येक म्हातारा सांगतो. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. थंड पाण्यात लेक ट्राउट इतका सावकाश वाढतो की हातभर मासा माझ्या वयाचा असू शकतो.

रस्त्याला लागण्याआधी गावातल्या तळ्याबद्दल सांगायला हवं, कारण पाहुणा पहिल्यांदा तेच बघतो. विधानभवनासमोर, चालायच्या वाटेनं वेढलेलं सुंदर फ्रेम लेक. तिथे गळ टाकू नका. गावाला लागूनच जायंट माइन ही सोन्याची खाण १९४८ ते २००४ चालली. सोनं काढायला धातुक भाजायचे, त्या धुरातून आर्सेनिक बाहेर पडायचं, आणि सुरुवातीच्या वर्षांत ते सरळ हवेत गेलं, बर्फावर बसलं, तळ्यांत उतरलं. १९५१ मध्ये इथल्या लॅथम आयलंडवर दोन वर्षांचा एक डेने मुलगा त्या विषानं गेला; घरी बर्फ वितळवून पाणी प्यायचे. नंतर धुरातून गोळा केलेली आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी खाणीतच पोकळ्यांत भरून ठेवली. ती २,३७,००० टन आहे आणि आजही जमिनीखालीच आहे. तिच्याभोवतीचा खडक गोठवून ती जागच्या जागी धरून ठेवायचं काम चालू आहे. १९६९ पासून गावाचं पिण्याचं पाणी यलोनाइफ नदीतून, खाडीच्या तळावरून टाकलेल्या आठ किलोमीटरच्या पाइपनं येतं. फ्रेम लेक आणि आसपासच्या बऱ्याच लहान तळ्यांबद्दल आरोग्य खात्याची सूचना आहे: यातलं पाणी पिऊ नका, पोहू नका, मासे खाऊ नका. माझ्या खिडकीतून रोज दिसणारं तळं हे असं. पोचायला सगळ्यात सोपं, आणि मी त्यात हातही घालत नाही.

गावाबाहेर पडून दहा मिनिटांत यलोनाइफ नदीचा पूल येतो. इथे होडी उतरवायचा उतार आहे, टेबलं आहेत, संध्याकाळी मुलंबाळं घेऊन आलेली फिलिपिनो कुटुंबं आहेत. होडी नसलेल्यानं इथूनच सुरुवात करावी. काठावरून जॅकफिश लागतो, जून महिन्यात तर रात्री अकरालाही उजेड असतो, त्यामुळे कामावरून घरी येऊन, जेवून, मग निघालं तरी चालतं. नदीनं वर गेलं की टार्टन रॅपिड्स. खळाळतं पाणी, आणि त्यात आर्क्टिक ग्रेलिंग. ग्रेलिंगचा पाठीवरचा पर शिडासारखा उंच, जांभळट ठिपक्यांचा. मासा हातभरही नाही पण त्याच्यासाठी लोक शहरांतून हजारो डॉलर खर्चून येतात. मला त्याचं कौतुक जरा कमीच आहे. खायला बरा, पण बघून सोडून द्यावासा वाटतो, आणि सोडून द्यायला मी एवढ्या डासांत उभी राहत नाही.

पुढे प्रॉस्परस लेक, मग मॅडलीन, पाँटून. पाँटूनला थांबायचं ते लहान मुलं बरोबर असतील तर. प्रॉस्परसला खोल पाणी आहे, ट्राउट आहे, आणि मोठमोठ्या होड्यावाल्यांची गर्दी आहे.

माझं तळं प्रेल्यूड. गावापासून सुमारे ३० किलोमीटर, तिथे सरकारी कॅम्पग्राउंड आहे, होडीचा उतार आहे. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक मैत्रीण आणि मी मिळून एक जुनी ॲल्युमिनियमची होडी आणि लहानसं इंजिन घेतलंय. गाडी तिची, ट्रेलर तिच्या नवऱ्याचा, होडी मागे घेऊन उतारावर लावायचं काम माझं. ट्रेलर उलटा नेताना स्टिअरिंग भलत्याच बाजूला फिरवावं लागतं, आणि उतारावर मागे रांग लागलेली असते, सगळे पुरुष, हातात कॉफी, तोंडावर अत्यंत सभ्य कॅनेडियन हसू. ते काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं.

प्रेल्यूड लांबलचक आहे, बेटांनी भरलेलं, त्यामुळे वारा सुटला तरी कुठल्या ना कुठल्या बेटाआड जाता येतं. बर्फ जातो मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला, आणि त्यानंतरचे पहिले काही दिवस ट्राउट काठाशी, उथळ पाण्यात असतो, कारण सगळंच पाणी थंड असतं. मग वरचं पाणी तापायला लागतं तसा तो खाली जातो. जुलैत त्याला गाठायचं तर जड शिसं लावून खोलात गळ न्यावा लागतो. जॅकफिशचं उलट. तो पाणवनस्पतींत, खाचरासारख्या उथळ कोपऱ्यांत दबा धरून बसतो. आमच्या मरळीची सवय तीच, म्हणून जॅकफिश मला पहिल्यापासून कळला. ट्राउट शिकावा लागला. जॅकफिशला इथले बरेच लोक नाक मुरडतात, त्यात मांसातून जाणारे फाट्या-फाट्यांचे जास्तीचे काटे असतात म्हणून. काट्यांना घाबरणाऱ्यांनी मासे खाऊच नयेत असं आजीचं मत होतं, माझंही आहे. खरी काळजी वेगळी: मोठा जॅकफिश आणि मोठा, म्हातारा ट्राउट यांच्यात पारा साठलेला असतो, त्यामुळे ताटात घ्यायचा तो मध्यम, आणि फोटो काढून सोडायचा तो मोठा. गरोदर बाया आणि लहान मुलांनी तर हे पाळावंच.

प्रेल्यूडच्या पुढे रस्त्याची गंमत वाढते आणि माणसं कमी होतात. कॅमरन फॉल्सला साधारण सव्वा किलोमीटर चालून धबधबा बघता येतो, त्यासाठी पाहुणे जातातच. रीड लेक साठाव्या किलोमीटरच्या आसपास, तिथेही कॅम्पग्राउंड. कॅनू घेऊन दोन रात्री काढायला हे उत्तम. मग खडीचा रस्ता, धूळ, आणि टिबिट लेक. रस्ता संपला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वणवा गावाकडे सरकला, १६ तारखेला यलोनाइफ रिकामं करायचा हुकूम निघाला, आणि वीस हजार लोक विमानांनी आणि त्या एकाच हायवे ३ नं बाहेर पडले. ६ सप्टेंबरला परत येऊ दिलं. एरवी मी इन्ग्रॅम ट्रेलच्या शेवटी उभी राहून किती छान शांतता म्हणायची, आता तिथे गेले की आधी मागे वळून धुराचा अंदाज घेते.

ग्रेट स्लेव्ह लेकबद्दल अजून बोलले नाही, कारण ते तळं म्हणायच्या लायकीचं नाही. क्षेत्रफळ सुमारे २७,००० चौरस किलोमीटर, खोली ६१४ मीटर. उत्तर अमेरिकेत याहून खोल तळं नाही. यलोनाइफ त्याच्याच काठावर आहे. ओल्ड टाउनच्या धक्क्यावर उभं राहिलं तर खाडीत रंगीत तरंगती घरं, पाण्यावर उतरणारी विमानं, सगळं फार गोजिरं दिसतं. खाडीच्या तोंडाबाहेर वारा दक्षिणेचा असेल तर लाटा समुद्रासारख्या येतात, आखूड आणि उभ्या. आमच्या होडीनं आम्ही तिकडे जात नाही. तिथल्या व्हाइटफिशवर १९४५ पासून व्यापारी मासेमारी चालते, मुख्यतः दक्षिण काठावरच्या ‘हे रिव्हर’ नावाच्या गावातून. गावात तोच मासा विकत मिळतो, तोही घ्या. होडीपायी जीव धोक्यात घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता हिवाळा. ऑक्टोबरपासून लहान तळी गोठायला लागतात, मग मोठं पाणी. चालायला दहा सेंटिमीटर चांगला, स्वच्छ, निळसर बर्फ हवा. गाडीला त्याच्या कितीतरी जास्त. एकदा तो झाला की नकाशाच बदलतो. खाडीपलीकडचं डेट्टा हे डेने गाव रस्त्यानं फिरून २७ किलोमीटर, बर्फावरून साडेसहा. टिबिट लेकला जिथे उन्हाळ्यात मी रस्ता संपला म्हणते, तिथूनच हिवाळ्यात हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा बर्फाचा रस्ता सुरू होतो. १९८२ पासून तो दर वर्षी नव्यानं बांधला जातो, बहुतेक सगळा तळ्यांवरून, आणि फेब्रुवारी-मार्चच्या जेमतेम दोन महिन्यांत वर्षभराचं डिझेल-सिमेंट त्यावरून जातं. भरलेला ट्रक ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाही. त्याच्या वजनानं बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते, ती ट्रकच्या पुढे धावते, आणि ट्रक जोरात गेला तर काठाला आपटून बर्फ फोडते.

मला हिवाळा आवडायला लागला तो डेट्टाच्या एका काकांमुळे. ऑफिसातल्या मैत्रिणीचे मामा. त्यांचं जाळं खाडीत असतं. मी ढीवराची मुलगी आहे हे तिनं त्यांना सांगितलं होतं, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातात फावडं दिलं.

बर्फाखाली जाळं कसं घालतात, हे कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. एक भोक पाडायचं. त्यातून माणसाहून लांब अशी एक फळी पाण्यात सरकवायची. ती तरंगते आणि बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून राहते. फळीत मधोमध खाच, खाचेत एक दांडा, दांड्याला लोखंडी टोक, आणि शेपटीला लांब दोरी. दोरीला हिसका दिला की दांडा वर उठतो, टोक बर्फाला खालून टेकतं आणि फळी पुढे ढकलली जाते. दोरी सैल सोडली की दांडा खाली येतो. पुन्हा हिसका. अशी ती फळी बर्फाखाली सुरवंटासारखी ठक ठक करत निघते, आणि वर एक जण त्या आवाजामागे चालत राहतो. ते काम मला दिलं होतं. उणे तीस, टोपी एका कानावरून वर केलेली, आणि मी पायाखाली फळी ऐकत चाललेय. पुरेशी लांब गेली की मी उभी राहिले तिथे दुसरं भोक, फळी बाहेर, आणि आता दोन भोकांच्या मध्ये दोरी तयार. तिला बांधून जाळं ओढून घ्यायचं. खाली वजनं, वर फुगे, आमच्यासारखंच.

काकांनी जाळं सोडण्याआधी चिमूटभर तंबाखू भोकात टाकली, पाण्याला द्यायची म्हणून. आमच्याकडे तलावावर हंगामाच्या पहिल्या दिवशी हळदकुंकू आणि नारळ असतो. मी ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पाणी सगळीकडे मागतंच.

दुसऱ्या दिवशी जाळ्यात व्हाइटफिश, दोन ट्राउट, एक कोनी आणि एक मारिया. ही मारिया म्हणजे पुस्तकातला बरबॉट. कॉड माशाच्या कुळातला हा एकच जण गोड्या पाण्यात राहतो. चपटं डोकं, हनुवटीखाली एकच मिशी, मागचं अंग वामेसारखं निमुळतं, कातडी बुळबुळीत. गोरे गळवाले तिला बघून तोंड वाकडं करतात आणि पुष्कळदा टाकून देतात. ऐन हिवाळ्यात, बर्फाखाली, रात्रीच्या वेळी ती अंडी घालते, म्हणून तिला गळानं धरायचं तर जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री, तळाला आमिष टेकवून बसावं लागतं. काकांनी मला बाकीचं काहीही न देता मारिया दिली आणि बजावलं की कलेजी फेकू नकोस. तिची कलेजी मोठी, पिवळट, तेलानं भरलेली असते. त्यांच्या घरी ती नुसती तव्यावर परततात आणि म्हाताऱ्या माणसांना आधी वाढतात.

मी तिचा रस्सा केला. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, आणि फोडणीला जवसाचं तेल. आमच्या भागात ते गरिबाघरचं तेल. कॅनडात जवस इतका पिकतो की मला वाटलं होतं इथे ते पाण्याच्या भावानं मिळेल. मिळतं ते औषधाच्या दुकानाशेजारी, फ्रिजमध्ये, काळ्या बाटलीत, आणि बाटलीवर तापवू नका असं लिहिलेलं. मी तापवते. मारियाचं मांस पांढरं, घट्ट, रश्श्यात फुटत नाही. मरळ आठवत जेवायला त्याहून जवळचं इथे काही नाही.

राहिली ती लांबची तळी, जिथे विमानानंच जावं लागतं. ग्रेट बेअर लेकमध्ये १९९५ साली ७२ पौंडांचा, म्हणजे ३२ किलोंच्या वरचा लेक ट्राउट गळाला लागला होता. गळानं धरलेल्या लेक ट्राउटचा तो जागतिक विक्रम. तिथे आणि ग्रेट स्लेव्हच्या पूर्वेकडच्या भागात मासेमारीची लॉज आहेत, अमेरिकेतून लोक येतात, आठवड्याचा खर्च ऐकून मी परत विचारत नाही. पूर्वेचा तो भाग लुत्सेल के या डेने गावाचा. २०१९ पासून तिथे थायदेने नेने हे राखीव राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याचा कारभार गावकरी सरकारच्या बरोबरीनं बघतात. आईच्या प्रश्नाला मला सापडलेलं सगळ्यात बरं उत्तर तिथलं आहे. पाण्याचं काय करायचं यात गावाचा शब्द असतो, आणि लिलाव होत नाही. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग आपल्याकडं काऊन नाही होत?" यावर आमचं अजून चालू आहे.

येणार असाल तर थोडक्यात. नॉर्दर्न लाइट्स आणि बर्फातले मासे दोन्ही हवे असतील तर मार्च. दिवस मोठा झालेला असतो, बर्फ अजून पक्का असतो. नुसते मासे हवे असतील तर जूनचा मध्य, पण डोक्यावरून घ्यायची जाळी आणा, इथल्या डासांपुढे आपले साकोलीचे डास भाविक वाटतात. ऑगस्टअखेर डास कमी आणि रात्री पुन्हा काळोख, म्हणून मला तो काळ सगळ्यात आवडतो, फक्त वणव्याच्या बातम्या बघून निघा. गळ, होडी, गरम बूट सगळं इथे भाड्यानं मिळतं, तेवढ्यासाठी बॅग भरू नका. बॅगेत दगडफूल आणा. माझं संपलंय.